चंद्र, विलो आणि बदलीचा हुकूम

चिनी कविता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. धुक्यातले डोंगर, खाली नदी, नदीत एक नाव, नावेत एकटा म्हातारा, वर चंद्र... चायनीज हॉटेलच्या भिंतीवर टांगलेलं असतं ना, तेच. त्यामुळे या सगळ्या निसर्गकविता आहेत असं आपण धरून चालतो. गेले काही महिने शनिवार-रविवार मी या कवितांच्या मागे लागलोय. (चिनी येत नाही. इंग्रजी अनुवाद आणि एकेका अक्षराचा अर्थ फोडून सांगणारी पुस्तकं, यांच्या भरवशावर सगळं चाललंय.) आणि माझं मत असं होत चाललंय की यातल्या बऱ्याचशा कविता निसर्गाच्या नाहीतच. त्या बदलीच्या आहेत. सरकारी बदलीच्या.

आधी सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घेऊ. कवी ली बाय, इ.स. 701 ते 762. (मूळ उच्चाराच्या जवळ जायचं तर 'ली बाई' लिहावं लागेल, पण मराठीत त्याचं भलतंच काही होतं, म्हणून बाय. बाकीची नावंही अशीच जमतील तशी लिहिली आहेत.) त्याची एक फक्त वीस अक्षरांची कविता चीनमध्ये शाळेत जायच्या आधीच पोरांची पाठ असते. रात्री जाग आलेला एक माणूस, जमिनीवर सांडलेलं चांदणं त्याला क्षणभर दवासारखं गोठलेलं वाटतं, मग त्याला घर आठवतं. संपली कविता. यात घराचं वर्णन नाही, गावाचं नाव नाही, कोणाची आठवण आली तेही नाही.

गंमत म्हणजे जी कविता आज सगळे म्हणतात ती बहुधा ली बायने लिहिली तश्शी नाहीच. सोंग काळातल्या जुन्या प्रतींमध्ये दोन ठिकाणी वेगळी अक्षरं आहेत. जुन्या पाठात तो डोंगरावरचा चंद्र बघतो. नंतर मिंग काळात कधीतरी डोंगर गेला आणि 'तेजस्वी चंद्र' आला, तोही दोनदा. शिवाय ज्या अक्षराचा अर्थ आपण पलंग असा घेतो, त्याचा त्या काळी बसायचं आसन किंवा विहिरीचा कठडा असाही अर्थ होई म्हणतात, आणि त्यावरून तिकडे अजून हिरिरीने भांडणं चालतात. म्हणजे बिचारा झोपला होता की अंगणात बसला होता इथपासून वाद! पण घर आठवलं यावर मात्र कोणाचं दुमत नाही.

आता हे घर कोणतं? ली बायचा जन्म बहुतेक अभ्यासकांच्या मते सुयाब नावाच्या ठाण्यात झाला. ते आज किर्गिझस्तानात येतं. पाचेक वर्षांचा असताना घरचे लोक शू प्रांतात, म्हणजे आजच्या सिचुआनमध्ये येऊन राहिले. विशीत त्याने तेही सोडलं आणि नंतर आयुष्यभर भटकला. 758 मध्ये त्याला येलांगला हद्दपार केलं. यांगत्से नदीतून उलट्या दिशेने वर जात जात तो शूच्या दाराशी, बायदी नावाच्या गडापाशी पोचला, आणि 759 मध्ये तिथेच त्याला माफीचा हुकूम मिळाला. आता मोकळा झालेला माणूस, समोर लहानपणचा प्रांत... आणि हा गडी आनंदाच्या भरात नाव फिरवून प्रवाहाबरोबर परत खाली गेला! घराच्या आठवणीची जगातली बहुधा सर्वात जास्त पाठ झालेली कविता लिहिणारा माणूस घरी गेलाच नाही, हे मला फार दिवस पचत नव्हतं. त्याच्याकडे परत येतो.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. थांग घराण्याचं राज्य 618 ते 907. राजधानी चांगआन, म्हणजे आजचं शीआन. तटबंदीच्या आतलं क्षेत्रच साधारण 84 चौरस किलोमीटर. इथे परीक्षा व्हायच्या. त्यातल्या सर्वात मानाच्या 'जिनशी' परीक्षेत वर्षाला जेमतेम वीस-तीस लोक पास होत, आणि त्या परीक्षेत कविता लिहायला लागायची. ठरलेला विषय, ठरलेलं वृत्त, ठरलेलं यमक. आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूच्या ऍप्टिट्यूड टेस्टमध्ये चौथा सेक्शन 'खालील विषयावर वृत्तबद्ध कविता करा' असा असता तर काय झालं असतं, विचार करा :) ज्याला कलेक्टर व्हायचंय त्याला कविता यावीच लागे. त्यामुळे एक असा नोकरवर्ग तयार झाला ज्यातला प्रत्येक जण लिहू शकत होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राटाच्या आज्ञेने थांग काळातल्या मिळतील तेवढ्या कविता एकत्र केल्या, तेव्हा 2,200 हून जास्त कवी आणि 48,900 च्या आसपास कविता निघाल्या. एवढं वाचूनही आणि गळूनही उरलेलं!

आता या माणसांना नोकरी कुठे मिळायची? सहसा स्वतःच्या गावी नाहीच. आपल्या मुलखात नेमला तर भाऊबंदांची भर करेल, ही भीती. त्यामुळे उत्तरेचा दक्षिणेत, पश्चिमेचा पूर्वेत. साधारण तीन-चार वर्षांनी पुन्हा दुसरीकडे. आणि काही चुकलं, किंवा दरबारात आपल्या गटाची सरशी संपली, तर शिक्षा म्हणून दूरच्या दमट, हिवतापाच्या दक्षिणेत कुठलं तरी नावापुरतं पद. तुरुंग नाही, फाशी नाही, फक्त लांब पोस्टिंग. हान यूने 819 मध्ये सम्राटाच्या बुद्धाच्या अस्थिपूजनाला लेखी विरोध केला, त्याला थेट समुद्रकाठच्या छाओचोऊला पाठवलं. मागून निघालेल्या कुटुंबातली त्याची लहान मुलगी वाटेतच वारली. लियू झोंगयुआन 805 मध्ये दक्षिणेत गेला आणि 819 मध्ये तिकडेच मेला. यातल्या कुणाचंही चरित्र वाचा, बायोडेटासारखं दिसतं: गाव, साल, पद, गाव, साल, पद...

तर निरोप देणं-घेणं हा या लोकांच्या रोजच्या कामाचा भाग होता. आणि निरोपाचं झाड म्हणजे विलो. चांगआनच्या पूर्वेला बा नदीवर पूल होता. पूर्वेकडे निघालेल्याला पोचवायला मंडळी तिथपर्यंत येत, आणि काठावरच्या विलोची फांदी तोडून त्याच्या हातात देत. कारण? चिनीत विलोला 'लियू' म्हणतात, आणि 'थांब, राहा' यालाही 'लियू'. सूर वेगळा, उच्चार तोच. म्हणजे 'जाऊ नकोस' असं तोंडाने म्हणता येत नाही (हुकूम आहे, जावंच लागणार), म्हणून फांदी द्यायची. शिवाय विलोची फांदी ओल्या मातीत नुसती खोचली तरी रुजते. जाशील तिथे रुज, हाही अर्थ त्यात आला. एकाच फांदीत 'जाऊ नको' आणि 'गेलास तर तिथलाच हो', दोन्ही. मला हे फार आवडलं. (आपल्याकडे ओढ्याकाठी वाळुंज असतं ते याच कुळातलं. आणि क्रिकेटच्या बॅटचा विलो हाही त्यांचाच गोरा चुलतभाऊ.)

या झाडाचं अजून एक ऐकण्यासारखं आहे. चीनमधला हा झुकलेल्या फांद्यांचा विलो मुळात चीनचाच, पण त्याचं शास्त्रीय नाव आहे 'सॅलिक्स बॅबिलोनिका'. बायबलमध्ये बॅबिलोनला कैद करून नेलेले ज्यू नदीकाठच्या झाडांना आपली वाद्यं टांगून घराच्या आठवणीने रडतात असं एक स्तोत्र आहे. ती झाडं म्हणजे हाच विलो, असं समजून लिनियसने 1753 मध्ये हे नाव दिलं. प्रत्यक्षात ती झाडं बहुधा पॉप्लरची. थोडक्यात, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं नाव. पण दोन देशांतल्या घर सुटलेल्या लोकांना एका झाडाखाली आणून बसवणारी चूक इतकी नेमकी निघावी!

असो. आता चंद्राकडे. चंद्र सगळीकडच्या कवितेत असतो, त्यात विशेष काय, असं कोणीही म्हणेल. फरक वापरात आहे. आपल्याकडे चंद्र बहुतेक वेळा कोणाच्या तरी मुखासारखा असतो. या बदलीवाल्यांच्या कवितेत चंद्र कशासारखा नसतो, तो काम करतो. हजार किलोमीटरवर असलेली दोन माणसं एकाच क्षणी बघू शकतात अशी ती एकमेव गोष्ट होती. फोन नाही, घड्याळ नाही. टपाल होतं, आणि चांगलं होतं: तीस ली अंतरावर एक अशी सोळाशेहून जास्त ठाणी, घोडे, नावा. पण ते सरकारी कागदांसाठी. घरचं पत्र कोणी ओळखीचं त्या बाजूला जाणारं भेटलं तरच. पंचांग मात्र चंद्रावर चालायचं, आपल्यासारखंच, त्यामुळे पंधराव्या तिथीला पौर्णिमा म्हणजे पौर्णिमा, अख्ख्या साम्राज्यात. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे साधारण आपल्या कोजागिरीच्या एक महिना आधी, सगळे वर बघणार हे ठरलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या ऑफिसांना रीड-ओन्ली ऍक्सेस असलेला एकच सर्व्हर.

याचा सर्वात मोठा वापर दू फूने केला. 712 ते 770. ली बायचा मित्र, वयाने अकरा वर्षांनी लहान, आणि नशिबाने पूर्ण फाटका. परीक्षेत नापास. 747 मध्ये सम्राटाने खास परीक्षा घेतली तर तेव्हाच्या मुख्यमंत्र्याने एकालाही पास केलं नाही आणि 'राज्यात आता बाहेर एकही गुणी माणूस शिल्लक नाही, सगळे आधीच आपल्याकडे नोकरीला आहेत' असं सम्राटाला कळवलं. (हे एचआरच्या कोणी वाचू नये.) शेवटी चाळिशी उलटल्यावर एक किरकोळ पद मिळालं, आणि 755 च्या अखेरीला आन लूशान या सेनापतीने बंड केलं.

हे बंड आठ वर्षं चाललं. 755 च्या सुमारास सरकारी नोंदीत 5 कोटी 29 लाख लोक होते. 764 मध्ये 1 कोटी 69 लाख. याचा अर्थ साडेतीन कोटी माणसं मेली असा बऱ्याच ठिकाणी लावलेला दिसतो, तो बरोबर नाही. मेले खूपच, पण नोंदी ठेवणारी यंत्रणाच मोडली, प्रांतच्या प्रांत हिशेबाबाहेर गेले, लोक गाव सोडून पळाले. पण मला त्या आकड्यातला हाच भाग जास्त भयंकर वाटतो. कोट्यवधी माणसं आपापल्या पत्त्यावर सापडेनाशी झाली.

756 मध्ये दू फूने बायकामुलांना उत्तरेला फूचोऊजवळच्या एका खेड्यात ठेवलं आणि नव्या सम्राटाला जाऊन मिळायला एकटा निघाला. वाटेत बंडखोरांनी पकडून चांगआनला आणलं. बायको साधारण दोनशे किलोमीटरवर, जिवंत आहे की नाही माहीत नाही. त्या वर्षीच्या एका चांदण्या रात्रीवर त्याची कविता आहे. त्या कवितेत तो स्वतः जवळजवळ नाहीच. तिकडे ती एकटी चंद्र बघत असेल, असं तो बघतो. मुलं शेजारी आहेत, पण ती इतकी लहान की आई राजधानीच्या दिशेने का बघतेय ते त्यांना कळणार नाही. रात्रीच्या गारव्यात तिचे केस, तिचे हात. त्या काळच्या प्रतिष्ठित कवींनी स्वतःच्या बायकोबद्दल, ती जिवंत असताना, इतकं जवळून लिहिणं फारसं दिसत नाही. निसर्ग म्हणून काय आहे इथे? धुकं आणि चंद्र. पण ते काढून टाकलं तर ही दोन माणसं एका कवितेत येऊच शकत नाहीत. चंद्राला उपमा म्हणून सजवायला दू फूला वेळच नाहीये.

पुढच्या पिढीतल्या बाय जुईची (772 ते 846) तऱ्हा वेगळी. 799 मध्ये बंडाळी, मग दुष्काळ, आणि भावंडं पाच गावांना पांगलेली. त्याने चंद्रावर एक आठ ओळींची कविता केली, पण तिचं शीर्षकच जवळपास कवितेएवढं लांब आहे. त्यात तो सांगतो की ही फूल्यांगच्या थोरल्या दादाला, यूछ्येनच्या सातव्या दादाला, वूच्यांगच्या पंधराव्या दादाला, शिवाय फूलीच्या आणि श्यागुईच्या धाकट्या भावंडांना. म्हणजे चक्क 'टू' आणि 'सीसी'! (पंधरावा दादा बघून दचकू नका, चुलत वगैरे सगळे धरून घराण्यात नंबर लावत.) आणि एका चंद्राने पाच ठिकाणी पोचायचं. मला कवितेपेक्षा ते शीर्षकच जास्त लागलं. ज्याचं घर शाबूत आहे त्याला इतके पत्ते लिहावे लागत नाहीत.

सोंग काळातला सू शी (1037 ते 1101) हा तर बदल्यांचा बादशहा. त्याची 1076 च्या मध्य-शरद पौर्णिमेची कविता आजही त्या सणाला गायली जाते. लोकांना ती प्रेमगीत वाटते. प्रत्यक्षात ती धाकट्या भावासाठी आहे. भाऊ शानतोंगमध्ये चीचोऊला होता, म्हणून सू शीने मुद्दाम अर्ज करून त्याच भागात बदली मागितली. बदली मिळाली, मीचोऊला. आणि तरीही 1071 नंतर 1077 पर्यंत दोघांची भेट झाली नाही. एका प्रांतात राहून! ज्यांचा जोडीदार त्याच शहरात दुसऱ्या शिफ्टला आहे त्यांना हे बरोबर कळेल.

पत्र न्यायला पक्षी ठेवलेत, ते म्हणजे रानहंस. शरदात उत्तरेकडून दक्षिणेला, वसंतात परत. यामागे एक जुनी गोष्ट आहे. इ.स.पू. 100 मध्ये हान सम्राटाचा वकील सू वू हा उत्तरेच्या श्योंगनू टोळ्यांकडे गेला, त्यांनी त्याला अडकवून ठेवलं. फितूर होईना, तेव्हा पार उत्तरेला (परंपरेप्रमाणे बायकाल सरोवराकडे) मेंढ्या राखायला धाडलं, आणि सांगितलं की या कळपातले एडके दूध देतील तेव्हा तुला घरी सोडू. कळपात सगळे एडकेच! एकोणीस वर्षं गेली. मग दोन्हीकडे तह झाला, नवा वकील आला, तर श्योंगनू म्हणाले सू वू मेला. रात्री सू वूचाच एक जुना सोबती गुपचूप येऊन या वकिलाला भेटला आणि त्याला एक थाप शिकवली: आमच्या सम्राटाने शिकारीत एक रानहंस पाडला, त्याच्या पायाला सू वूचं पत्र होतं, तो अमुक तळ्याकाठी आहे. श्योंगनूंचा राजा गडबडला, सू वूला सोडलं. इ.स.पू. 81 मध्ये तो घरी आला. यातली मजा अशी की असं पत्र कधी नव्हतंच. एका मुत्सद्द्याने मारलेली लोणकढी, आणि तिच्यावर पुढे हजार-दीड हजार वर्षं हंसांकडे बघून लोकांनी उसासे टाकले.

(इथे मेघदूत आठवणारच. आपल्या यक्षालाही कामात कसूर केली म्हणून वर्षभर लांब धाडलेलं, म्हणजे तीही शिक्षेची बदलीच. परंपरा त्याला आपल्या रामटेकला बसवते. पण त्याच्या शापाला निदान शेवटची तारीख होती.)

हंसांबद्दल अजून एक समजूत. हुनान प्रांतात हंगयांग नावाचं शहर आहे, तिथे 'हंस परततात तो डोंगर' आहे. हंस याच्या दक्षिणेला जातच नाहीत असं मानत. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने हे खरं नाही, पण ज्या अधिकाऱ्याची हंगयांगच्या खाली बदली झाली त्याच्यासाठी त्याचा अर्थ सरळ होता: आता तू रेंजबाहेर.

पत्रावरून आठवलं. त्सेन शेन नावाचा कवी 749 मध्ये पार पश्चिमेच्या वाळवंटी सरहद्दीवर नोकरीला निघाला होता. वाटेत राजधानीकडे परतणारा एक दूत समोरून आला. दोघंही घोड्यावर. कागद नाही, कुंचला नाही. त्यावर त्याने चार ओळी लिहिल्यात. घरी काय निरोप सांगायला सांगितला असेल? ठीक आहे म्हणून सांग. बस. आणि वांग वेईच्या एका छोट्या कवितेत गावाहून आलेला माणूस भेटतो, तर हा त्याला आईबाप, जमीन, पाऊसपाणी काही न विचारता विचारतो खिडकीजवळच्या मेईच्या झाडाबद्दल, बहर आला का म्हणून. मेई म्हणजे भर थंडीत फुलणारं, जर्दाळूच्या जातीचं झाड. टीकाकारांनी याचे बरेच सूक्ष्म अर्थ काढलेत. मला वाटतं मोठे प्रश्न विचारायची भीती वाटते म्हणून माणूस झाडाबद्दल विचारतो.

कोकीळ कुळातला एक पक्षी आहे, तो जुना शू देशाचा परागंदा राजा असं मानतात, आणि त्याचं ओरडणं चिनी कानांना 'बूरू ग्वेईछू' असं ऐकू येतं, म्हणजे 'परत गेलेलं बरं'. आपल्याकडे त्याच्याच नात्यातला पावश्या 'पेर्ते व्हा' म्हणतो. कोणाला काय ऐकू येतं यावरून तो काय करतो ते कळतं, शेतकऱ्याला पेरणी आणि कारकुनाला रजा!

आता थोडं वाकडं बोलतो. हे सगळं वाचताना एक खटकत राहतं. या कविता कोणाच्या आहेत? ज्यांना लिहिता येत होतं त्यांच्या. सरहद्दीवर सक्तीने नेलेला शिपाई, कालव्यावर राबणारा मजूर, विकली गेलेली मुलगी, यांनाही घर आठवतच असणार, पण त्यांच्या वतीने बोलतो तो पुन्हा एखादा दू फू किंवा बाय जुई. घरी चंद्र बघणाऱ्या बायकाही बहुतेक वेळा पुरुषांनीच लिहिलेल्या. आणि या अधिकाऱ्यांना खरंच परत जायचं होतं का? ताओ युआनमिंग नावाचा त्यांच्या आधीचा एक कवी होता. त्याने 405 मध्ये मॅजिस्ट्रेटची नोकरी ऐंशीएक दिवसांत सोडली, गावी गेला, शेती केली आणि हालात राहिला. पुढच्या सगळ्यांनी त्याचे गोडवे गायले. राजीनामा देणारे मात्र फार थोडे :) सू शीने तर त्याच्या जवळपास प्रत्येक कवितेला त्याच यमकात जोडकविता केल्या, पण नोकरीतून हाकलेपर्यंत नोकरीतच राहिला.

पण हा ढोंगीपणा आहे असं मी म्हणणार नाही. ली बायने नाव का फिरवली याचं उत्तर मला हे झिझांगच्या गोष्टीत सापडतं. हाच तो म्हातारा ज्याने चांगआनमध्ये ली बायला पहिल्यांदा 'स्वर्गातून हद्दपार केलेला देव' म्हटलं. जन्म 659, जिनशी 695, आणि 744 मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी तो निवृत्त होऊन दक्षिणेत आपल्या गावी गेला. सम्राटाने मोठा निरोप समारंभ केला. म्हणजे यादीतला हा एकमेव माणूस ज्याला सगळं मिळालं: मान, पेन्शन, घर. आणि त्याची प्रसिद्ध कविता कशावर? बोली तीच राहिली, केस गळाले, आणि गावातली पोरं त्याला हसून विचारतायत, पाहुणे, कुठून आलात? त्याच वर्षी तो गेला. परत जाणं म्हणजे ते प्रश्न ऐकायची तयारी ठेवणं. ली बायची ती तयारी नसावी. जमिनीवर सांडलेल्या चांदण्यात जे घर दिसलं ते तिथे जाऊन तपासण्यासारखं नव्हतं. आमच्याबरोबरचे जे पंधरा-पंधरा वर्षं न्यू जर्सीत आहेत आणि दर गणपतीत 'पुढच्या वर्षी कायमचे येतोय' म्हणतात, त्यांना मी पूर्वी चिडवायचो. हल्ली नाही चिडवत.

सू शीचं वेगळंच. वडील वारले तेव्हा तो शव घेऊन नदीमार्गे सिचुआनला गेला, शोकाचा काळ संपवून 1068 च्या हिवाळ्यात निघाला, तो परत कधीच गावी जाऊ शकला नाही. 1079 मध्ये तर कवितांवरूनच खटला भरून त्याला आत टाकलं होतं (यमकाच्या जोरावर नोकरी आणि यमकापायीच तुरुंग). मग हुआंगचोऊ, 1094 मध्ये हुईचोऊ, 1097 मध्ये समुद्रापलीकडचं हायनान बेट. दर वेळी अजून दक्षिणेला. आणि हा माणूस जाईल तिथे घर बांधतो, शेत धरतो, तिथलं काय काय खाता येतं ते शोधतो, आणि शेवटी स्वतःला हायनानचाच म्हणवून घेतो. बा नदीच्या पुलावरची फांदी याच्या बाबतीत खरी रुजली म्हणायची.

या सगळ्यात एक परदेशी पण होता. जपानचा आबे नो नाकामारो. 717 मध्ये, ऐन विशीच्या आसपास, जपानी शिष्टमंडळाबरोबर शिकायला चांगआनला आला. हुशार निघाला, थांग दरबारातच नोकरी लागली, चिनी नाव घेतलं, ली बाय आणि वांग वेई मित्र झाले. 753 मध्ये, छत्तीस वर्षांनी, परत जायची परवानगी मिळाली. निघायच्या आधी समुद्राकाठी चंद्र उगवला, आणि लहानपणी नाराजवळच्या मिकासा डोंगरावर उगवायचा तोच हा, अशा अर्थाची जपानी कविता त्याने केली असं सांगतात. त्याचं जहाज वादळात भरकटून आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागलं. बरोबरचे बहुतेक मारले गेले. तो बुडाला असं समजून ली बायने शोककविता लिहून टाकली. त्याच ताफ्यातलं एक जहाज मात्र जपानला नीट पोचलं, त्यात ज्यानजेन हा आंधळा चिनी बौद्ध भिक्षू होता. तो पाच प्रयत्न फसल्यावर सहाव्यांदा निघाला होता. नाकामारो 755 मध्ये चालत-फिरत चांगआनला परत आला, आणि त्याच वर्षी बंड उसळलं. पुढे थांग सरकारने त्याला त्याच व्हिएतनामचा गव्हर्नर नेमलं. 770 मध्ये तो चीनमध्येच वारला. ती मिकासाची कविता जपानच्या शंभर कवितांच्या प्रसिद्ध संग्रहात सातवी आहे. नव्या वर्षाला तिकडची घरं त्या कवितांच्या पत्त्यांचा खेळ खेळतात. तो पोचला नाही, पत्ता पोचला.

770 हेच साल दू फूचंही. शेवटची दोन वर्षं तो यांगत्से आणि श्यांग नदीत नावेवरच राहत होता. आजारी, एका कानाने बहिरा, डोक्यात एकच, की उत्तरेला जायचं. त्या हिवाळ्यात नावेतच गेला. घरच्यांकडे शव उत्तरेला न्यायला पैसे नव्हते, म्हणून वाटेतच युएचोऊला तात्पुरतं पुरलं. मुलालाही आयुष्यभर जमलं नाही. मरताना त्याने ते काम आपल्या मुलावर, म्हणजे दू फूच्या नातवावर सोपवलं. नातूही कफल्लक. त्याने लोकांकडे भीक मागून खर्च जमवला आणि 813 मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, आजोबांच्या अस्थी घेऊन उत्तरेला निघाला. वाटेत च्यांगलिंगला थांबून तिथल्या एका अधिकाऱ्याला त्याने समाधीवरचा लेख लिहून द्यायची विनंती केली. तो अधिकारी म्हणजे कवी युआन झेन, बाय जुईचा जिवलग दोस्त. तीन वर्षांपूर्वी दरबारातून उतरवून त्यालाही च्यांगलिंगला बदलीवरच पाठवलेलं होतं. त्याने लेख लिहून दिला. नातू पुढे निघाला आणि लुओयांगच्या पूर्वेला यान्शीजवळ, पूर्वजांच्या शेजारी, दू फूला ठेवून आला.